दुखतं म्हणून सोडलं, तो त्याग नव्हे



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ८.

भगवंत काय सांगतात ते साध्या मराठीत : हे करणं दुःखाचं आहे, जिवाला त्रास होईल, या भीतीने जो आपल्या वाट्याचं कर्म सोडून देतो, त्याचा त्याग राजस असतो. आणि असा त्याग करून त्याला त्यागाचं फळ काही मिळत नाही.

गीता वाचायला लागल्यापासून हा श्लोक मी कितीदा तरी ओलांडलाय. ओलांडलाय म्हणजे खरंच ओलांडलाय, रस्त्यातल्या स्पीडब्रेकरसारखा. मला वाटायचं, हा आळशी लोकांसाठी आहे. आपण सकाळी पाचला उठतो, पारायण करतो, ऑफिसात कुणाचं काम अडवत नाही. आपल्याला कुठे लागू होतो? मागच्या शनिवारी रात्री तो लागू झाला. निमित्त झालं एका सायन्स फिक्शन मालिकेचं. हसू नका, सांगतो.

मालिकेचं नाव 'सेव्हरन्स'. पहिला सीझन २०२२ मध्ये आला, दुसरा २०२५ च्या जानेवारीत. आयटीतल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी आज इथेच थांबा. पुढे पहिल्या सीझनची गोष्ट फुटणार आहे.

गोष्ट अशी. ल्युमन नावाची एक कंपनी आहे. तिथल्या एका मजल्यावर काम करायचं तर मेंदूत एक चिप बसवून घ्यावी लागते. मग माणसाच्या आठवणींचे दोन तुकडे होतात. सकाळी लिफ्टमधून खाली गेलं की बाहेरचं सगळं पुसलं जातं. घर, बायको, मुलं, स्वतःचं आडनावसुद्धा. संध्याकाळी लिफ्ट वर आली की ऑफिसातलं सगळं पुसलं जातं. एकाच देहात दोन माणसं राहतात, आणि त्यांची कधी भेट होत नाही. एक आतला, एक बाहेरचा. बाहेरच्याला कामाचा शीण आठवत नाही. आतल्याला झोप म्हणजे काय, रविवार म्हणजे काय, हे ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने लिफ्टचं दार बंद होतं आणि लगेच उघडतं. पुन्हा ऑफिसच.

नायक मार्क. तो इतिहासाचा प्राध्यापक होता. बायको जेमा अपघातात गेली असं त्याला सांगितलेलं आहे. दुःख सोसवेना म्हणून त्याने नोकरी सोडली आणि ही चिप बसवून घेतली. हिशोब सरळ होता. दिवसाचे आठ तास तरी बायको गेलीय हे आपल्याला माहीत नसेल. पहिल्याच भागात तो पार्किंगमध्ये गाडीत बसून रडतो, डोळे पुसतो, आत जातो. लिफ्ट खाली जाते आणि त्याचा चेहरा बदलतो. दुःख जणू बटण दाबून बंद केलं.

मी ते पाहिलं तेव्हा पहिला विचार आला तो सांगतो, लाज वाटते तरी : "भारी आहे की ही सोय."

*

इथे घरचं थोडं सांगावं लागेल.

आमचं घर जासईला. पनवेलहून उरणकडे जाताना लागतं ते. रस्त्यावर रात्रभर बंदराचे कंटेनर ट्रेलर चालू असतात. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत नाही, पाहुण्यांना येतो. खाली बाबा राहतात, वरच्या खोलीत मी. आई दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात गेली.

त्यानंतर माझ्यात फरक पडला. मी शांत झालो. रडलो नाही. कंपनीने आठवड्यातून तीन दिवस यायला सांगितलं होतं, मी पाचही दिवस जाऊ लागलो. रात्री आलो की जेवणाचं ताट घेऊन वर. हेडफोन कानाला, दार बंद. पहाटे पारायण. नातेवाईक म्हणायचे, पोरगा किती सावरलाय. एक काका तर म्हणाले, "गीता वाचतो ना, विरक्ती आलीय त्याला." मला ते ऐकून बरं वाटलं. मी स्वतःही तेच समजत होतो.

बाबा मात्र सावरले नव्हते. त्यांचं एक होतं. आईचा मोबाइल त्यांनी बंद होऊ दिला नव्हता. कपाटात चार्जिंगला लावून ठेवलेला. दर ८४ दिवसांनी ते जिन्याखाली उभे राहून हाक मारायचे, "आईच्या नंबरचा रिचार्ज संपतोय रे." मी करून टाकायचो. मागच्या महिन्यात मात्र माझं डोकं फिरलं. रिलीजची गडबड होती. मी जिन्यातूनच म्हणालो, "बाबा, कशाला हवाय तो नंबर? कुणाचा फोन येणार आहे? ह्यालाच आसक्ती म्हणतात. गीतेत हेच सोडायला सांगितलंय."

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आत गेले. मी वर आलो आणि दार लावलं. त्या क्षणी मला खरोखर वाटलं की मी ज्ञानाची गोष्ट सांगितली.

*

आता परत मालिकेकडे, कारण माझं दार तिथेच वाजलं.

ल्युमनमध्ये मिस केसी नावाची एक समुपदेशक आहे. कर्मचारी अस्वस्थ झाला की त्याला तिच्याकडे पाठवतात. ती शांत आवाजात 'बाहेरच्या तुझ्याबद्दल' चार गोड गोष्टी वाचून दाखवते. एकदा ती मार्कला मातीचा गोळा देते आणि सांगते, मनात जे आहे ते यातून घडव. आतल्या मार्कला काहीच आठवत नाही. बायको होती हेही नाही. त्याचे हात माती चेपत राहतात आणि एक झाड तयार होतं. बाहेरचा मार्क ज्या झाडापाशी जाऊन उभा राहतो, जिथे बायकोचा अपघात झाला, तेच झाड. आणि समोर बसून हे निर्विकारपणे पाहणारी मिस केसी कोण? तर जेमाच. त्याची बायको. तिलाही तो आठवत नाही, त्याला तीही नाही. दोघं एका टेबलाशी बसलेत आणि मध्ये त्यांच्या दुःखाचं झाड.

मी तिथे पॉज केलं.

आपल्या धंद्यातलं एक साधं तत्त्व आहे. फाइल डिलीट केली म्हणजे सहसा तिच्याकडे जाणारा रस्ता पुसला जातो. मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. मार्कचं तेच झालं होतं. मन विसरलं, हात विसरले नाहीत. आणि माझंही तेच झालं होतं. फरक एवढाच की मला चिप बसवायला कुणी कंपनी लागली नाही. मी चिपच्या जागी गीता बसवली होती.

खरं सांगतो. आई गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसलो होतो, लॅपटॉप मांडीवर, कॉल चालू. प्रॉडक्शनचं रिलीज होतं. वीस मिनिटांत येतो म्हणून खोलीबाहेर पडलो होतो. परत गेलो तेव्हा बाबा एकटेच तिचा हात धरून बसले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांशी तर त्या दिवसानंतर मी आईबद्दल एक वाक्य बोललो नाही. बोललो असतो तर ती वीस मिनिटं समोर आली असती. म्हणून लिफ्टचं बटण दाबलं. वरची खोली, हेडफोन, पारायण. आणि त्याला नाव दिलं वैराग्य.

भगवंतांनी त्याला आधीच दुसरं नाव देऊन ठेवलंय. राजस त्याग.

*

अठराव्या अध्यायातले ७, ८ आणि ९ हे श्लोक एकत्र वाचा. त्यागाचे तीन प्रकार आहेत. मोहाने, काही न समजता कर्तव्य टाकून दिलं तर तो तामस. दुखेल या भीतीने टाकलं तर राजस. आणि कर्तव्य आहे म्हणून केलं, पण त्यातली आसक्ती आणि फळाची इच्छा सोडली, तर तो सात्त्विक. गंमत बघा, तिसऱ्या प्रकारात कर्म सुटतच नाही! पहिल्या दोघांत कर्म सुटतं आणि आसक्ती तशीच राहते. तिसऱ्यात आसक्ती सुटते आणि कर्म राहतं.

श्लोक नियत कर्माबद्दल आहे हे खरं. यज्ञ, दान, तप. पण घरातल्या माणसाचं नियत कर्म काय असतं? म्हाताऱ्या बापाशेजारी बसून जेवणं हे नाही का? ते मी सोडलं होतं. का सोडलं? दुखत होतं म्हणून. मग फळ कुठून मिळणार? दोन वर्षं पारायण करून मनाला शांती का नाही, असा प्रश्न मला पडायचा. उत्तर मी रोज वाचत होतो त्याच पुस्तकात होतं.

आणि हा घोटाळा करणारा मी पहिला नाही. गीतेची सुरुवातच या घोटाळ्यापासून होते. अर्जुन रथात बसून काय म्हणतो? नको हे राज्य, नको विजय, यापेक्षा भीक मागून जगणं बरं. शब्द कुणाचे वाटतात? संन्याशाचे! पण आतून काय चाललंय? अंग थरथरतंय, तोंडाला कोरड पडलीय, गांडीव हातातून निसटतंय. ते दुःख होतं, वैराग्याचा झगा घालून आलेलं. कृष्ण ते ओळखतो. त्याला तो "वा, विरक्त झालास" म्हणत नाही. आणि "रडू नकोस, उठ" एवढं सांगून थांबतही नाही. सारथी म्हणून शेजारी बसतो आणि अठरा अध्याय बोलतो. त्याला दुःखापासून तोडत नाही, दुःखातून नेतो.

*

आता तुमच्यातला कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं : "दादा, मग आसक्ती चांगली की काय? जडभरताचं काय?"

भागवताच्या पाचव्या स्कंधातली गोष्ट आपल्याला माहीत आहे. राजा भरत राज्य, संसार, सगळं सोडून गंडकीच्या काठी एकटा राहायला गेला. सिंहाच्या गर्जनेला घाबरून एका गाभण हरिणीने नदीत उडी घेतली, तिचं पाडस पाण्यात पडलं. भरताने ते वाचवलं. मग त्याला चारणं, कुरवाळणं, ते दिसलं नाही की कासावीस होणं. पूजा सुटली, ध्यान सुटलं. मरताना हरीण डोळ्यांसमोर, आणि पुढचा जन्म हरणाचा.

कीर्तनात आपण ऐकतो, बघा, एका पाडसापायी योगी घसरला. बरोबर आहे. पण मला हल्ली त्यात दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. पहिली, पाडसाला पाण्यातून काढणं ही चूक नव्हती. तो करुणेचा धर्मच होता. चूक नंतर झाली, 'हे पाडस' जाऊन 'माझं पाडस' झालं तेव्हा. दुसरी गोष्ट माझ्या मनातली आहे, शास्त्रार्थ म्हणून घेऊ नका. ज्याने सगळी माणसं एकदम दूर केली, त्याचं सगळं प्रेम एका पाडसावर येऊन साठलं.

'सेव्हरन्स'मध्ये अगदी हेच आहे. त्या मजल्यावरच्या लोकांचं बाहेरचं सगळं काढून घेतलंय. मग त्यांचा जीव कशावर जडतो? डिलनचा जीव कामाचं बक्षीस म्हणून मिळणाऱ्या बोटात अडकवायच्या खेळण्यावर. वॉफलच्या पार्टीवर. अर्व्हिंग कडक शिस्तीचा, कंपनीच्या नियमांना देव मानणारा. तो दुसऱ्या विभागातल्या बर्टच्या प्रेमात पडतो आणि पार हलून जातो. आणि डिलनला एके दिवशी घरीच जाग आणली जाते, तर एक लहान मूल येऊन त्याला बिलगतं. आपल्याला मुलगा आहे! खेळण्यांवर भाव खाणारा हा माणूस त्यानंतर पूर्वीसारखा राहत नाही. तोडल्याने आसक्ती संपत नाही मंडळी. तिला जागा कमी पडते, म्हणून ती अधिक दाट होते. बाबांनी घरात बोलायला माणूस शोधला, सापडला नाही. म्हणून फोनला जीव लावला. पाडस त्यांचं होतं, पण त्यांना गंडकीच्या काठी एकटं सोडलं होतं मी.

मालिकेतली हेली आठवते. तिला त्या मजल्यावर एक दिवस राहायचं नसतं, ती राजीनामा लिहिते. तो नाकारतं कोण? बाहेरची हेली. व्हिडिओतून ती स्वतःच्याच आतल्या माणसाला सांगते, तुझं म्हणणं चालणार नाही. सहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात, माणूस स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच स्वतःचा वैरी. वैरी कसा होतो ते मला इथे दिसलं. आपल्यातला जो भाग रडतोय त्याला तळघरात ठेवायचं, आणि वर राहून शांत दिसायचं.

*

मग खरी अनासक्ती कशी दिसते? बारावा अध्याय, श्लोक १३. भक्ताची लक्षणं सांगताना भगवंतांनी शब्दांचा जो क्रम ठेवलाय तो मला फार बोलका वाटतो. आधी कुणाचाही द्वेष न करणारा. मग मैत्र, म्हणजे सगळ्यांशी मैत्रीने वागणारा. मग करुण. आणि त्यानंतर निर्मम, 'माझं-माझं' नसलेला. मैत्री आणि करुणा आधी आहेत. त्या गाळून थेट निर्मम व्हायला निघालो तर माणूस निर्मम होत नाही, निर्दय होतो. मी जिन्यातून बाबांना बोललो ते निर्दय होतं. त्यात मैत्र नव्हतं, करुणाही नव्हती.

'माझं' सोडून जीव लावता येतो का? आमच्या गावात याचं उदाहरण लांब शोधावं लागत नाही. दि. बा. पाटील जासईचेच. इथल्या जमिनी सिडकोसाठी घेतल्या जात होत्या तेव्हा ते लढले ते साऱ्या प्रकल्पग्रस्त गावांसाठी. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आजही दर १६ जानेवारीला गाव त्यांच्यापुढे नतमस्तक होतं. साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याची वाट त्या लढ्यातून निघाली. मातीवरचा तो जीव मला आसक्ती म्हणवत नाही. 'माझी जमीन' ओलांडून 'आपली जमीन' झाली होती. ममत्व गेलं की जिव्हाळा आटतो हे खरं नाही. तो पसरतो.

*

आणि दार लावून बसलेल्यांसाठी आपल्या परंपरेत एक प्रसंग आहेच.

आळंदीची ती चार भावंडं. वडील विठ्ठलपंतांनी घर सोडून संन्यास घेतला होता. घरी पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांना संसारात परत पाठवलं, असं परंपरा सांगते. त्यापायी कुटुंब वाळीत पडलं, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, मुलं 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवली गेली. लोकांच्या वागण्याने एकदा ज्ञानदेवांचं मन इतकं दुखावलं की ते झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्ञानेश्वर! ज्यांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतेवर टीका सांगितली, तेच. त्यांनाही एकदा दार लावून घ्यावंसं वाटलं. मला याचा केवढा आधार वाटतो, काय सांगू.

बाहेर कोण उभं आहे? धाकटी मुक्ताई. ती ताटी तोडत नाही आणि "बस आत" म्हणून निघूनही जात नाही. बाहेर उभी राहून भावाला समजावते. ताटीचे अभंग म्हणून आपण जे गातो ते हेच. ती सांगते, जग चिडलं तर संताने ते पोटात घालायचं असतं, मन निर्मळ ठेवायचं असतं, आता दार उघडा. बहिणीची माया आहे, आणि उपदेश गुरूचा आहे. तिचं प्रेम आणि तिचं ज्ञान वेगळं काढून दाखवा बरं.

आणि ही भावंडं किती 'विरक्त' होती? शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. तो प्रसंग नामदेवांनी वर्णिला आहे. त्यात थोरला भाऊ आणि प्रत्यक्ष गुरू असलेले निवृत्तीनाथ शोकाने उन्मळून पडलेले दिसतात. आत्मा अमर आहे हे ज्यांनी शिकवलं, त्यांचे डोळे भरून आले. त्यामुळे त्यांचं ज्ञान कमी झालं असं वारकऱ्यांनी सातशे वर्षांत कधी म्हटलं नाही. मग मी कोण न रडणारा?

*

त्या शनिवारी मी लॅपटॉप बंद केला आणि खाली गेलो. साडेअकरा वाजले होते. बाबा अंधारात पलंगावर बसलेले. मी जिन्यात असतानाच कपाटातून आवाज आला, विठ्ठलाच्या गजराची रिंगटोन. आईच्या फोनची. क्षणभर माझा श्वास अडकला. मग दिसलं, बाबांच्या हातात त्यांचा फोन होता. ते तिला रिंग देत होते.

मला बघून त्यांनी घाईने कट केला, चोरी पकडल्यासारखा. म्हणाले, "वाजतो तवा घरात कोणतरी हाय असं वाटतं."

मी शेजारी बसलो. काय बोलावं सुचेना. शेवटी जिन्यातली ती वीस मिनिटं सांगून टाकली. दोन वर्षं जे दाबलं होतं ते दोन मिनिटांत संपलं. बाबा म्हणाले, "मना माहीत हाय." खिडकीतून त्यांना माझी पाठ दिसत होती म्हणे. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "ती शेवटी विचारत होती, पोऱ्या जेवला क नाय."

मग आम्ही दोघं रडलो. त्याचं वर्णन करत नाही.

रिचार्जला चार दिवस उरले होते. मी फोन काढला, तर बाबांनी हात धरला. म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कर. मी केला. आईचा फोन अजून चार्जिंगला आहे. तो कधी बंद करायचा हे बाबा ठरवतील. मला ते शिकवायचा अधिकार नाही. माझं नियत कर्म एवढंच की रात्रीचं ताट खाली घेऊन बसायचं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. गेल्या आठवड्यात दोन रात्री मी पुन्हा वरच जेवलो. एकदा खरंच काम होतं. दुसऱ्यांदा नव्हतं.

*

आजचा अभ्यास, तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी :

एक. तुम्ही हल्ली जे सोडलंय त्याची यादी करा. मित्र, भावाशी बोलणं, गावाला जाणं, काहीही. प्रत्येकापुढे प्रामाणिकपणे लिहा : हे त्यातलं 'माझं' गळून पडलं म्हणून सुटलं, की दुखतं म्हणून सोडलं? जिथे खरोखर इजा होते, मारहाण होते, अपमान होतो, तिथून दूर राहणं हा राजस त्याग नाही. तिथे स्वतःला वाचवणं हेच कर्तव्य. मी बोलतोय ते बाकीच्या दारांबद्दल.

दोन. त्या यादीतलं एक दार आज किलकिलं करा. भाषण नको. "जेवलास का?" एवढं पुरतं.

तीन. घरात कुणी पाडसाला कवटाळून बसलं असेल, तर ते पाडस हिसकावू नका. आधी शेजारी बसा.

हे विठ्ठला, तू स्वतः विटेवर उभा आहेस, कमरेवर हात ठेवून, कुणाला धरून ठेवत नाहीस. आणि तरी अठ्ठावीस युगं जागचा हलला नाहीस, कारण भक्त येईल. धरायचं नाही आणि सोडूनही जायचं नाही, हे तुझं उभं राहणं आम्हाला थोडं तरी जमू दे.

उद्या याच अध्यायाचा नववा श्लोक, सात्त्विक त्याग. तोवर दार उघडं ठेवा.

राम कृष्ण हरी.